काशीमामांच्या स्पीकरचा पंचनामा

अनंत केळुसकर वजनमापे खात्यात निरीक्षक होता. पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा शोधायचा, रॉकेलच्या मापाचा आत दाबलेला तळ बोटांनी चाचपायचा, हे त्याचं काम. वीस वर्षं हेच केल्यावर माणसांकडे बघायची नजरही तशीच झाली होती. भाजीवालीने मेथीची जुडी स्वस्त दिली तर तो ती तिथेच सोडून आतली पानं बघायचा. माझ्या मुलीच्या बारशाचं पहिलं आमंत्रण मी त्याला दिलं, तर म्हणाला, "मलाच पहिलं का रे, अंबादास?"

माणूस वाईट नव्हता. घाटकोपरला पंतनगरात आमचे दरवाजे समोरासमोर होते. माझ्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा अनंत सात दिवस सकाळी ऑफिसच्या आधी तिथे जाऊन बसला. पण डॉक्टरांनी लिहिलेलं प्रत्येक औषध दुसऱ्या केमिस्टकडे नेऊन पडताळायचा.

१९८५च्या जानेवारीत त्याचे मामा वारले. काशीराम परब. बोटीवर इलेक्ट्रिशियन होते, लग्न केलं नाही, नोकरी संपल्यावर माहुलला कोळीवाड्यात एक खोली घेऊन राहिले. अनंत त्यांच्याकडे अकरा वर्षांत फिरकला नव्हता. कारण मला ठाऊक होतं. अनंतची आई चौऱ्याहत्तर साली गेली, तेव्हा तिच्या उशाशी शेवटचे चार दिवस मामाच बसून होते. ती गेल्यावर कपाटातल्या तिच्या दोन पाटल्या सापडल्या नाहीत. अनंतने तोंडाने आरोप केला नाही. नुसतं विचारलं, "मामा, कपाटाची चावी कोणाकडे होती?" मामा म्हणाले, "माझ्याकडे." बास. त्यानंतर दोघांचं बोलणं संपलं.

म्हणून मामांनी आपल्या मागे सगळं अनंतच्या नावावर ठेवल्याची चिठ्ठी निघाली, तेव्हा तो चक्रावला. सगळं म्हणजे काय, तर एक रेकॉर्ड प्लेअर, काचेच्या व्हॉल्व्हचा एक अॅम्प्लिफायर, दीडशेएक रेकॉर्ड आणि माणसाच्या छातीएवढे उंच दोन विलायती स्पीकर. त्रेसष्ट साली तिकडचा कुठलासा नाचाचा हॉल बंद पडला, तिथून मामांनी ते बोटीवर चढवून आणले होते. कस्टमची पावतीही सोबत जपून ठेवली होती.

"मलाच का दिलं?" अनंत मला म्हणाला. "आमची नलू त्याची लाडकी भाची. तिला नाही दिलं. मला दिलं. काहीतरी आहे यात."

सामान आणायला मी त्याच्याबरोबर टेम्पोतून माहुलला गेलो. किल्ली शेजारच्या सोनूबाईंकडे होती. म्हाताऱ्या कोळीणबाई, मामांचं जेवण शेवटची दोन वर्षं त्याच करायच्या. अनंत खोलीत शिरल्या शिरल्या वस्तू मोजायला लागला. रेकॉर्डच्या रॅकमध्ये दोन ठिकाणी जागा रिकामी होती. तो वळून म्हणाला, "इथे काय होतं?"

सोनूबाई दारात उभ्या होत्या. "मोज बाबा, नीट मोजून घे," त्या म्हणाल्या. "नाय तर म्हनशील सोनूबायनं खाल्लं." किल्ली उंबऱ्यावर ठेवून त्या निघून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अनंत मोजतच राहिला.

खरी भानगड आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात सुरू झाली. दोन मजले चढवायचे होते. एक स्पीकर आम्ही दोघांनी वर नेला, दुसरा उचलला आणि अनंत पहिल्याच पायरीवर थांबला.

"हा जड आहे."

"अरे, आपण दमलोय."

"दमलेला हात वेगळा कळतो. हा दोन-अडीच किलोने तरी जड आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने खालच्या वखारीतला काटा वर आणवला. स्वतः सील मारलेला काटा, म्हणून त्याच्यावर विश्वास. डावा स्पीकर भरला एकतीस किलो चारशे. उजवा चौतीस किलो शंभर. दोनदा तोलला, बाजू बदलून तोलला, आकडे एका चिठ्ठीवर लिहिले आणि चिठ्ठी खिशात ठेवली. सुभाषितासारखी ती चिठ्ठी पुढचे तीन आठवडे तो मला काढून दाखवायचा.

"जोडी आहे ना? एका कारखान्यातली, एका मापाची. मग दोन किलो सातशे ग्रॅम काय आहे त्याच्यात?"

बिल्डिंगमध्ये बातमी फुटायला वेळ लागला नाही. तो काळच तसा होता. बोटीवरचा माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सोन्याची बिस्किटं यायची. तळमजल्यावरच्या शकुताईंनी तर अनंतच्या बायकोला जिन्यातच विचारलं, "शुभा, किती निघालं गं?" शुभा बिचारी वैतागली होती. दोन खोल्यांच्या घरात ते दोन खांब उभे राहिल्यापासून कपाटाचं दार पूर्ण उघडत नव्हतं. "अहो, विकून टाका ना एकदाचे," ती रोज म्हणायची.

आणि विकत घेणारा आयता आला होता. नंदकिशोर सावे, तिशीचा पोरगेला माणूस, अंधेरीला रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मामांचा अॅम्प्लिफायर तोच सांभाळायचा. लुनावरून आला, हेल्मेट मांडीवर घेऊन बसला आणि सरळ म्हणाला, "साहेब, चार हजार देतो."

अनंतने आधीच बाजारात चौकशी केली होती. जुन्या खोक्यांना सहाशेच्या वर कोणी बोललं नव्हतं.

"चार का?"

"कारण मला पाच मिळणार आहेत. मढला एकाचा बंगला आहे, शूटिंगला भाड्याने देतो. तो शौकीन आहे, कधीपासून मागे लागलाय. हजार माझे."

शुभाच्या चेहऱ्यावर लगेच उजेड पडला. अनंतच्या नाही. नंदकिशोर उठून स्पीकरपाशी गेला, उजव्यावर थाप मारून म्हणाला, "याचा तळ वाळवीने खाल्ला होता. मामांनी नवा घातलाय, सागाचा, जाड. त्यामुळे हा थोडा जड आहे. आवाजात फरक नाही. फक्त उघडू नका. मागची फळी हवाबंद बसवली आहे, एकदा हलली की आवाज फाटतो."

तो गेल्यावर अनंतने दार लावलं आणि मला बोलावून घेतलं.

"बघितलंस? मी वजनाचा 'व'ही काढला नव्हता. न विचारता सांगून गेला."

"खरं असेल म्हणून सांगितलं असेल."

"आपला नफा किती ते सांगतो, माल कुठे जाणार ते सांगतो, वर म्हणतो उघडू नका. एवढं खरं धंद्यात कोण बोलतं, अंबादास? मी वीस वर्षांत एक माणूस बघितला नाही."

खरं सांगायचं तर एव्हाना त्याचा संशय मलाही चावला होता. मी ऑफिसला जाताना त्याच्या उघड्या दारातून त्या उजव्या स्पीकरकडे बघायचो. आत काहीतरी असावं असं मलाही वाटायला लागलं होतं.

नंदकिशोर आणखी दोनदा आला. दुसऱ्यांदा साडेचार हजार म्हणाला. "म्हणजे आधी पाचशे दाबत होतास," अनंत म्हणाला. नंदकिशोर हसला. "नाही साहेब. त्या बंगलेवाल्याला घाई आहे, मी माझे पाचशे सोडतोय." तो गेल्यावर अनंत हळू आवाजात म्हणाला, "आईच्या पाटल्या आत आहेत."

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"आता हिशोब लागतो," तो म्हणाला. "मामाला विकता आल्या नाहीत. मन खात असणार. म्हणून आत ठेवल्या आणि खोकं माझ्या नावावर केलं. तोंडाने कबूल करायची हिंमत नव्हती."

"दोन पाटल्या दोन किलो सातशेच्या असतात का रे?" मी विचारलं.

"डब्यात ठेवल्या असतील. लोखंडी डबा. शिवाय कापड."

वजनमापांचा निरीक्षक हे बोलत होता.

उघडायचं ठरलं, पण त्याच्या पद्धतीने. पुढल्या रविवारी त्याने मुलुंडहून धाकट्या बहिणीला बोलावलं. नलिनी तिथल्या शाळेत शिकवायची. शांत बाई, अनंतच्या अगदी उलट. पंच म्हणून ती आणि मी. अनंतने ऑफिसातल्यासारखा कागद घेतला, वर तारीख घातली, मालाचं वर्णन लिहिलं: लाकडी पेटी एक, रंग तपकिरी, वजन चौतीस किलो शंभर ग्रॅम. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन गुडघ्यावर बसला.

सोळा स्क्रू होते. एकेक काढून बशीत ठेवत होता. मागची फळी सुटली तेव्हा आतून जुन्या लाकडाचा कोंदट वास आला. आत पिवळट लोकरीची जाड गादी. अनंतने ती बाहेर ओढली, चाचपली, उलटी केली. त्यामागे दोन वायरी, एक मोठं गोल चुंबक, मेलेला कोळी. त्याने हात खांद्यापर्यंत आत घातला. डबा नव्हता. कापड नव्हतं. तळाला सागाची जाड फळी होती, तिच्यावर पेन्सिलीने मारलेल्या रेघा अजून दिसत होत्या.

अनंतने फळीवर बोटाने टकटक केलं. मग दुसऱ्या कोपऱ्यात. "खाली पोकळ आहे," तो म्हणाला. मला तरी तसं वाटलं नाही. त्याने पटाशी मागितली. शुभा स्वयंपाकघराच्या दारातून हलली नाही, तेव्हा स्वतः उठून घेऊन आला.

"दादा, नको," नलिनी म्हणाली.

"तू बघ फक्त."

"दादा, त्याच्यात काही नाही."

"तुला काय माहीत?"

नलिनीने पदराचं टोक हातात गुंडाळलं, सोडलं. मग खाली मान घालून म्हणाली, "पाटल्या माझ्याकडे आहेत."

पटाशी अनंतच्या हातातच राहिली.

आईनेच दिल्या होत्या, जायच्या दोन दिवस आधी. नलिनीच्या सासरची तेव्हा ओढाताण होती. आई म्हणाली होती, दादाला सांगू नकोस, तो शंभर प्रश्न विचारेल, तुझ्या नवऱ्याला दारात उभा करणार नाही. कपाट उघडून काढून दिल्या त्या मामांनी.

"मी सांगणारच होते," नलिनी म्हणाली. "मामाला म्हटलंही. तू त्याच्याशी बोलेनासा झालास तेव्हा मी माहुलला गेले होते. रडले त्याच्यापुढे. तर मला म्हणाला, 'असांदे गो. तेचो संशय माझ्यावर आसा तो बरो. तुम्ही दोघां बोलत तरी ऱ्हवशात.'"

मामा अकरा वर्षं चोर ठरून माहुलला एकटे राहिले आणि ही सगळी वर्षं भाऊबीजेला नलिनी या घरात ओवाळून जात होती. मला तिचा राग आला आणि कीवही आली. तिने काही जन्मभर सुखाने लपवलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

अनंत खाली बसला. कागद पुढे ओढला आणि लिहिलं: आत काहीही आढळून आले नाही. मग कागद नलिनीपुढे सरकवला. तिने सही केली. मी केली. सही झाल्यावर तो म्हणाला, "नलू, तू आता घरी जा."

ती गेली. नंतर सात-आठ महिने दोघं बोलली नाहीत. मामांना ज्याची भीती होती तेच झालं.

अनंतने मागची फळी तशीच भिंतीला टेकवून ठेवली होती. चारेक दिवसांनी नंदकिशोर आला. उघडा स्पीकर बघून त्याचा चेहरा पडला. पिशवीतून फटी बुजवायची पट्टी आणि डिंकाची बाटली काढली, गादी नीट बसवली, स्क्रू आवळले. दोन तास गेले. मग त्याने सगळ्या वायरी जोडून एक रेकॉर्ड लावली, कुठल्याशा म्हाताऱ्या गवयाच्या मैफलीची.

गेला महिनाभर ते खोकं तोललं होतं, मोजलं होतं, उघडलं होतं. वाजवलं नव्हतं कोणी. अनंत स्टुलावर बसून ऐकत होता. गवई तान घ्यायच्या आधी श्वास घ्यायचा तोही ऐकू येत होता. मागे श्रोत्यांत कोणीतरी खोकलं, तर शुभाने चमकून दाराकडे बघितलं. एक बाजू संपली, नंदकिशोरने दुसरी लावली. तीही संपली.

"आवाज फाटला नाही," नंदकिशोर म्हणाला. "वाचला. मग, घेऊन येऊ का उद्या टेम्पो?"

अनंतने शुभाकडे बघितलं. एवढे दिवस विका विका म्हणणारी ती. ती म्हणाली, "कपाटाचं दार मी काढून टाकीन. पडदा लावू."

"नाही विकत," अनंत म्हणाला.

नंदकिशोरने मान डोलावली. दुरुस्तीचे पैसे किती, ते अनंतने विचारलं. त्याने साठ सांगितले. अनंतने पाकीट काढलं, साठ रुपये दिले. साठच का, हे विचारलं नाही. माझ्या देखत तरी नाही.

त्यानंतर एका शनिवारी तो एकटाच माहुलला जाऊन आला. सोनूबाई सुकवलेली मासळी गोळा करत होत्या. त्याने माफी मागितली, मामांबद्दल काही सांगा म्हणाला. त्यांनी काम थांबवलं नाही. "तवा विचारायचं होतं," म्हणाल्या. "तवा तू वस्तू मोजत होतास." तो परत आला. महिन्याने पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला त्यांनी त्याला चहा दिला आणि रॅकमधल्या त्या दोन रेकॉर्डही दिल्या. मामांनी आजारात त्यांना ऐकायला म्हणून दिल्या होत्या. त्यांच्याकडे वाजवायला काही नव्हतं, तरी ठेवल्या होत्या.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी शुभाने परस्पर मुलुंडला फोन केला. नलिनी आली. अनंतने पाट मांडून ठेवला होता. ओवाळून झाल्यावर दोघं त्या स्पीकरसमोर बसून रेकॉर्ड ऐकत होती. फार बोलली नाहीत.

अनंत बदलला असं मी म्हणणार नाही. भाजीच्या जुड्या तो सोडून बघतच राहिला. एकोणनव्वदला त्याने बोरिवलीला थोडी मोठी जागा घेतली. सामान हलवायच्या दिवशी हमालांनी सगळं चढवलं, शुभा पुढे ड्रायव्हरजवळ बसली. अनंतला मी म्हटलं, तूही पुढे बस, ही माणसं नीट नेतील. त्याने हमालांकडे एकदा बघितलं, टेम्पोच्या मागे चढला आणि दोन स्पीकरच्या मध्ये, दोघांवर एकेक हात टाकून, बोरिवलीपर्यंत उभा राहून गेला.