कावीळ नव्हती

बरेच दिवस बाबा घराबाहेर पडले नव्हते. विचारणाऱ्यांना आई सांगायची, कावीळ झालीय. आज ते आमच्याबरोबर बागेत आले, तेव्हा त्यांचे फिरायला येणारे मित्र, जोशीकाका म्हणाले, "उतरली का कावीळ?"

"कावीळ नव्हती. डिप्रेशन आहे. गोळ्या चालू आहेत," बाबा म्हणाले.

आईने मान खाली घातली. काकांनी बाकावर सरकून बाबांना जागा दिली. बाबा ताठ बसले. आजारापेक्षा तो लपवण्यानेच माणूस जास्त थकत असेल का?

परतताना भाजीवाल्या मावशींनी आईला विचारलं, "साहेब दिसले नाहीत बरेच दिवस?"

आईने बाबांकडे पाहिलं आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, "डिप्रेशन आहे त्यांना. स्वतःच सांगतात सगळ्यांना!"