तिचं नाव पूर्ण घ्यायचं

मालकिणीने पोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोन्त्या वारी झाली?" एवढंच विचारलं. माय अंगणात उभी होती, माझ्या नव्या बहिणीला पदरात घेऊन. ओट्यावर चढायची आम्हाला मुभा नव्हती. माय म्हणाली, बुधवारी. "मंग बुधी," मालकीण म्हणाली. आतून कोणीतरी खणाचा तुकडा आणला आणि वरूनच पोरीच्या अंगावर टाकला. झालं बारसं.

आमच्या गावची रीतच ती. मालगुजारी जाऊन जमाना झाला, पण धानाच्या बांध्या त्यांच्याच, गिरणी त्यांचीच, आणि त्या बांध्यांच्या चिखलात रोपं लावणाऱ्या, रोवणा करणाऱ्या आम्ही बायाही जणू त्यांच्याच. घरात लेकरू झालं की ते आधी मोठ्या घरी न्यायचं. मालकीण नाव ठेवणार, मग आपण पाळण्यात घालणार. पोरगा असला तर घटकाभर विचार तरी व्हायचा. पोरीला वार. माझंही नाव तसलंच. कोणता वार ते सांगून काय फायदा, रोवण्याच्या टोळीत प्रत्येक वाराच्या दोन-तीन बाया होत्या. बांधावरून "बुधी" अशी हाक आली की तिघी कंबर सरळ करून वळायच्या. मग मोठी बुधी, लहान बुधी, काळी बुधी. आम्हीही हसायचो. दुसरं काय करणार होतो?

त्या दिवशी मात्र मी बोलले. आठ-नऊ वर्षांची असेन. त्याच आठवड्यात मोठ्या घरच्या गाईला कालवड झाली होती. तिच्या नावासाठी नागपूरला मुलाला फोन गेला, भटजींना निरोप गेला, ओट्यावर चहाच्या कपांसोबत चर्चा झाली. शेवटी राजलक्ष्मी ठरलं. गळ्यात घंटी, कपाळाला कुंकू. मी त्यांच्या गोठ्यात शेण काढायला जायची, तेव्हा ते नाव मनातल्या मनात घोळवत बसायची. फार आवडलं होतं मला. म्हणून मी म्हटलं, "मालकीण, इचं नाव राजलक्ष्मी ठेवा ना."

सगळं अंगण हसलं. मालकीण हसली नाही. पानाला चुना लावता लावता म्हणाली, "थे आमच्या कालवडीचं नाव हाये. तुमच्यात कोनाले शोभन?"

मायने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि स्वतः खाली वाकून माफी मागितली. धपाट्याचं मला काही वाटलं नाही. मालकिणीचा आवाज मात्र आजही कानात आहे आणि आजही डोकं फिरवतो. ती चिडली नव्हती. शिवीही दिली नव्हती. रोज भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसं तिने सांगितलं, की जनावराचं नाव माझ्या बहिणीला ठेवलं तर ते नाव बाटेल. शिवी असती तर मी विसरले असते.

माझं लग्न गावातच झालं, त्यामुळे मालकीण काही सुटली नाही. नवरा वरठीला लोखंडाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला जातो. मी रोवणा, निंदण, कापणी. धान कापताना पोटात पोर होती, तेव्हापासून मी नाव शोधत होते. पोरगीच होणार असं का कोण जाणे, मनाने घेतलं होतं. मोबाईलवर नावं पाहिली. सगळी फुलांची, चांदण्यांची, गोड गोड. मला गोड नको होतं. घेणाऱ्याला नीट तोंड उघडावं लागेल असं हवं होतं. रणजिता. नवऱ्याला म्हणून दाखवलं. तो दोनदा म्हणाला आणि मग म्हणाला, भारी वाटते.

गेल्या उन्हाळ्यात ती झाली. बारशाच्या सकाळी मी न्हाऊन आले तर पाळणा रिकामा. सासू तिला घेऊन मोठ्या घरी गेली होती. न विचारता. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. जन्मभर जे केलं तेच ती करत होती. पण माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. ओल्या केसांनी तशीच निघाले.

मालकीण आता म्हातारी झाली आहे, प्लास्टिकच्या खुर्चीत बसते. प्रश्न तोच विचारून झाला होता. सासूने वार सांगितला होता, खणही पोरीच्या अंगावर पडला होता. मी सासूच्या हातून पोरगी घेतली. ओट्यावर चढले आणि खण मालकिणीच्या पायाशी ठेवला.

"इचं नाव ठिवून झालं. रणजिता."

"येवढं मोठं नाव कोन घेईन व? आमी रंजी म्हनू."

"तुमच्या जिभेले जड होत असन त घेऊ नोका. पन रंजी म्हनाचं नाई."

मालकिणीने टोळीच्या मुकादमिणीला बोलावून सांगितलं, यंदा हिला रोवण्याला आणायचं नाही. मी घरी आले आणि पाळणा हलवला. आलेल्या बायांनी मान खाली घालून गाणं म्हटलं, घुगऱ्या घेतल्या आणि निघून गेल्या.

रोवणा लागला तेव्हा टोळी माझ्या दारावरून गेली. त्यात माझी बहीणही होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते मला फार लागलं. मी आता गोसीखुर्द धरणाच्या नहराकडे, दुसऱ्या गावच्या बांध्यांत जाते. लांब पडतं. पाय दुखतात. मग बायांची टंचाई झाली तसा मालकिणीचा निरोप आला. कामावर ये, घरी काय म्हणायचं ते म्हण, पण इथे आम्ही तिला रंजीच म्हणणार. मी मुकादमिणीला दारातूनच परत पाठवलं.

परवा सासू लाडाने तिला रंजी म्हणाली. मी पोरगी तिच्या मांडीवरून उचलून घेतली. लाडानेसुद्धा नाही. लाडात एकदा मोडलेलं नाव लोक रागात पायदळी तुडवतात, हे मला कोणी शिकवायला नको. पोरगी आता रांगते, हाकेला मान वळवते. अर्ध्या नावाला वळायचं नाही, हे मी तिला चालायच्या आधी शिकवणार आहे. हाक मारणारी आजी असो, मालक असो, शाळेतले गुरुजी असोत. ओरडू देत. पूर्ण नाव घेतल्याशिवाय माझी पोरगी वळणार नाही.