मॅडमचा जीपीएस आणि साहेबांची अट

"हे नाही मिळणार," मी म्हणाले, आणि मुलानं काउंटरखालून माझा पाय दाबला.

उस्मानपुऱ्यातलं सर्वेच्या उपकरणांचं दुकान त्याचं. मी सरकारी नोकरीतून रिटायर झालेली भूवैज्ञानिक, तिथं बिनपगारी सल्लागार. गिऱ्हाईक घालवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

समोर साळवे मॅडम आणि त्यांचे मिस्टर. मॅडम बँकेत मॅनेजर. तीन मैत्रिणींना घेऊन नॉर्वेच्या डोंगरात आठ दिवस चालायला निघाल्या होत्या. सराव दर रविवारी गौताळ्याच्या जंगलात. दोन्हीकडं चालेल असा हातात मावणारा जीपीएस हवा होता. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. ते यंत्र नकाशा दाखवायचं, शिवाय रेंज नसताना उपग्रहावरून मेसेजही पाठवायचं.

"साहेबांची अट आहे," मॅडम मिस्टरांकडं बघत म्हणाल्या. "रोज एक मेसेज. नाहीतर जायचं नाही."

"अट कसली? काळजी हाय," साहेब म्हणाले.

मी समजावलं. साधा जीपीएस फक्त ऐकतो. उपग्रहांचे सिग्नल ऐकून आपण कुठं उभे आहोत ते सांगतो. मेसेजवालं यंत्र बोलतंसुद्धा. आणि उपग्रहाशी बोलणारं यंत्र आपल्या देशात परवानगीशिवाय जवळ ठेवता येत नाही. बॅगेत सापडलं तर ट्रेक विमानतळावरच संपायचा.

"मग ऱ्हाऊ द्या नॉर्वे," साहेब लगेच म्हणाले. लईच लगेच.

मॅडमचा चेहरा उतरला. "अहो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा सलग रजा मिळालीय."

"नकाशाचा इथून घ्या," मी म्हणाले. "बोलणारा तिथल्या दुकानातून भाड्यानं घ्या. विमानात बसायच्या आधी परत करा."

मुलाचा पाय माझ्या पायावरून निघाला.

मग निवड. टचस्क्रीनवाला देखणा होता, मॅडमचं मन त्याच्यावर. पण नॉर्वेच्या डोंगरात थंडी आणि पाऊस, म्हणून मी नातीचे लोकरी हातमोजे घरून मागवले, पाण्याच्या बादलीत बुडवले आणि मॅडमना घालायला लावले. बाहेर मे महिना. दुकानातली माणसं हसत होती. ओल्या मोज्याला टचस्क्रीन दाद देईना. बटणांचा, दिसायला ठोकळा, तो निमूट चालला. शिवाय त्यात पेन्सिल सेल. ते लासूर स्टेशनच्या किराणा दुकानातही मिळतात आणि नॉर्वेतही. नॉर्वेचा नकाशा मात्र इथूनच भरून न्यायचा. नाहीतर पडद्यावर नुसता कोरा पांढरा देश.

"झालं?" मॅडम म्हणाल्या.

"नाही. मेसेज आला नाही तर साहेबांनी काय करायचं?"

मॅडमनी काढलेली पर्स पुन्हा काउंटरवर ठेवली.

मला हे विचारायचं सुचलं, कारण एकदा मी स्वतः हरवले होते. खात्यात पहिला जीपीएस आला तेव्हा मी चाळिशीची होते आणि अक्कल वाटण्याच्या कामावर होते. सिल्लोडच्या पुढं डोंगरात विहिरी नोंदवायला गेले. ड्रायव्हर यूसुफभाई म्हणाले, "मॅडम, कितने बजे तक रुकूं?" मी यंत्र उंचावून म्हणाले, "सॅटेलाइट है ना!" सेल दुपारी संपले. शेळ्या राखणाऱ्या एका बाईनं मला हाताला धरून रस्त्यावर आणलं. तोवर यूसुफभाई गावभर "हमारी मॅडम गुम गई" करत फिरले होते. अर्धं गाव जीपभोवती. मी काय म्हणावं? "मी निरीक्षण करत होते." रिपोर्टमध्येही तेच लिहिलं.

साळवे जोडप्याला मी कागद दिला. एक दिवस मेसेज चुकला, तर थांबायचं. सलग दोन चुकले, तर ठरलेल्या मुक्कामी फोन करायचा. मुक्कामांचे नंबर मॅडमनी लिहिले, साहेबांनी सही केली. बँक मॅनेजरचं घर, सही लागतेच.

मॅडम नॉर्वेला गेल्या. ट्रेकचे पहिले तीन दिवस मेसेज आले. चौथ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी आम्ही शटर वर करतोय तर साहेब पायरीवर बसलेले. दाढी केलेली नाही.

"कालचा आला नाय. पोलिसाला सांगतो. एम्बसीला फोन लावतो."

"कागदावर काय लिहिलंय?"

"कागद गेला खड्ड्यात! तुमच्यामुळं गेली ती!"

हे खरं होतं. मी चहा मागवला. ते स्टुलावर बसून राहिले. गिऱ्हाइकं आली, गेली. मुलगा त्यांच्यासमोर आवाज न करता उंची मोजायची लेव्हल पुसत होता. दोन वाजता मोबाइल वाजला. साहेबांना चष्मा सापडेना, म्हणून मी वाचलं.

"काल अरुंद दरीत मुक्काम. आकाश दिसत नव्हतं, मेसेज अडकला. सगळ्या ठीक. गॅसचा नंबर लावा."

साहेबांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, पुन्हा वाचला. "एवढ्या लांबून गॅस?" म्हणाले, आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मॅडम आठव्या दिवशी सगळा रस्ता चालून उतरल्या. बोलणारं यंत्र तिथंच परत केलं. आता पुढच्या ट्रेकची चौकशी सुरू आहे.

दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, यात नकाशे किती, सेल किती तास टिकतात, पाण्यात चालतो का. यंत्र गप्प झालं तर घरच्यांनी किती वेळ गप्प बसायचं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. ते डब्यावर छापलेलं नसतं. आधी बसून ठरवावं लागतं.