दुसऱ्या कडव्यातला श्वास

जव्हार-मोखाडा जीपमध्ये ड्रायव्हरच्या बाजूची, खिडकीला लागून असलेली जागा बारा वर्षं माझी होती. कुणी लिहून दिलेली नव्हती. पण मी सकाळी डबा घेऊन जीपशी पोचलो की तिथे बसलेला माणूस आपणहून मागे जायचा. मागे म्हणजे आडव्या बाकांवर. तिथे समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांत अडकतात आणि बाजाराच्या दिवशी मांडीवर कुणाची तरी कोंबडी येते.

मोखाड्याच्या एका कचेरीत मी कारकून आहे, पण हा मान कारकुनीचा नव्हता. तो गाण्यांचा होता. ड्रायव्हरने जीपमध्ये ब्लूटूथचा स्पीकर आणला तेव्हापासून आम्हा रोजच्या पाच-सात जणांचा एक खेळ सुरू झाला. एखादं जुनं, सगळ्यांच्या ओठावरचं गाणं घ्यायचं, ते पुन्हा कुणी कुणी गायलंय ते शोधायचं आणि वाटेत एकामागून एक लावून भांडायचं. मध्ये रेंज जाते, म्हणून गाणी घरूनच उतरवून आणायची. निकाल मी द्यायचो. बासरी कुणाची, तबला कुणाचा, हे मी कुणी न विचारता सांगत असे आणि लोक बिचारे ऐकून घेत.

माझा निकालही ठरलेला असे. मूळ ते मूळ, बाकी सगळी नक्कल.

एका गाण्याच्या बाबतीत तर मी फारच नाकाने कांदे सोलायचो. गाण्याचं नाव इथे सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही गुणगुणायला लागाल आणि माझी आणखी शोभा होईल. दुसऱ्या कडव्यात, शेवटच्या ओळीच्या आधी, ती गायिका एक छोटासा श्वास घेते. ऐकू येईल न येईल असा. बोलता बोलता एखादीला काहीतरी आठवावं आणि तिने ते मनातच ठेवावं, तसा. मी नववीत होतो तेव्हा वडिलांनी मोखाड्याच्या आठवडे बाजारातून त्या सिनेमाची कॅसेट आणली होती. तेव्हापासून तो श्वास माझ्या कानात आहे. जीपमध्ये कुणी या गाण्याची नवी प्रत आणली की मी डोळे मिटून दुसऱ्या कडव्याची वाट बघायचो आणि मान हलवायचो. श्वास नाही. नापास.

कॉलेजातल्या पोरीची गिटार नापास झाली. लग्नातला बँड नापास झाला. दाभोशाच्या एका म्हाताऱ्याने हे गाणं तारप्यावर, आमच्याकडच्या भोपळ्याच्या फुंकवाद्यावर, वाजवलेलं कुणीतरी आणलं, तेव्हा सगळी जीप खूश झाली. मी म्हटलं, तारपेवाला श्वास तोडतच नाही, मग तो श्वास दिसणार कुठून? तोही नापास. रेडिओवर हे गाणं लागलं तर मी पहिल्याच ओळीला ‘नक्कल’ म्हणून बंद करत असे. मूळ मला पाठ होतं, ते पुन्हा ऐकायची गरजच काय?

आमच्यात साखरशेतहून जव्हारला येऊन ही जीप धरणाऱ्या एक नर्सबाई आहेत. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. बोलणं कमी, पण गप्पांत गुंतवून जसं इंजेक्शन देतात, तसाच त्या टोमणाही मारतात. त्या एकदा मागून म्हणाल्या, “भाऊसाहेब, तुमच्या त्या श्वासाच्या गाण्याच्या मी चार प्रती आणते. त्यातलं मूळ ओळखा. नाही ओळखलं तर खिडकी माझी.”

“आणि ओळखलं तर?”

“तर तुमची आहेच की.”

ड्रायव्हर हसला. “सायब, घाबरलाव काय?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पैज घेतली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने चार गाणी लावली. पहिली दोन मी कडवं यायच्या आधीच उडवली. चौथ्यात एक पोरगा गात होता, तो आपोआप बाद झाला. राहिली तिसरी. आवाज गोड होता, वाद्यं जुन्या धाटणीची होती. मी डोळे मिटून थांबलो. दुसरं कडवं आलं, शेवटची ओळ आली आणि बाई श्वास न घेता सरळ पुढे गेली.

मी म्हटलं, “यात मूळ नाहीच. फसवायला निघालात. ही तिसरी तर शिकाऊ आहे, थांबायचं कुठे ते कळत नाही तिला.”

सिस्टरने फोन माझ्यासमोर धरला. तिसरं गाणं सिनेमातलंच होतं, पडद्यावरच्या चित्रासकट. नायिका झाडाला टेकून ओठ हलवत होती.

मागच्या बाकांवर इतका आनंद झाला की कुणाची तरी पिशवी खाली पडली. पण पडलो तरी माझं नाक वर. म्हटलं, नेटवर काय, कुणीही काहीही चिकटवतं. माझ्याकडे अस्सल कॅसेट आहे. उद्या पुरावा आणतो, मग बोला.

संध्याकाळी घरी जाऊन पत्र्याची पेटी उपसली. कॅसेट सापडली. टेपरेकॉर्डरला दोन थपडा दिल्यावर तोही बोलायला लागला. बायको शेजारीच भाकरी थापत होती, फोन भिंतीला टेकवून ठेवलेला. दुसरं कडवं आलं आणि श्वास आला, अगदी आपल्या जागी. मी तिच्याकडे विजयाने पाहिलं. मग सहज डबीतलं कार्ड बाहेर काढलं. वर सिनेमाचं मोठं रंगीत चित्र होतं. खाली, घडीच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. पस्तीस वर्षांत मी ती घडी कधी उघडली नव्हती.

‘मूळ गायकांच्या आवाजात नाही.’

आमच्या बाजारात तेव्हा अशाच स्वस्तातल्या कॅसेटी येत. दुसऱ्याच कुणाकडून तीच गाणी गाऊन घेतलेली असत आणि वर चित्र मात्र सिनेमाचंच. म्हणजे जन्मभर मी जिला मूळ म्हणत आलो ती नक्कल होती, आणि तिच्या जोरावर खऱ्या गाण्याला नापास करत आलो होतो. मला खरंच लाज वाटली. पण लाजेपेक्षा खिडकी जास्त आठवत होती, हे कबूल करतो.

सकाळी जीपमध्ये खिडकीशी बसलो आणि कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, “कॅसेट उंदराने कुरतडली. टेपचा नुसता गुंता झालाय.”

“अरेरे,” सिस्टर म्हणाल्या.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. गाव मागे पडल्यावर त्याने स्पीकर लावला. आधी एक खरखर आली, मग दोन थपडा ऐकू आल्या, मग भाकरी थापल्याचा आवाज, आणि मग माझी कॅसेट.

बायकोने ती फोनवर घेऊन स्टेटसला टाकली होती. कार्डाच्या फोटोसकट. मला उशीर झाला की जीप थांबवायला ती ड्रायव्हरला फोन करते, म्हणून त्याचा नंबर तिच्याकडे होता.

“सायब, तुमचा उंदीर गातो बरा,” ड्रायव्हर म्हणाला.

त्याने गाडी बाजूला घेतली. मी डबा उचलून उतरलो, मागे जाऊन आडव्या बाकावर बसलो. सिस्टर पुढे गेल्या, खिडकीची काच खाली केली आणि पदर सारखा केला. गाणं चालूच होतं. हसणंही चालू होतं. मग दुसरं कडवं आलं, आणि इतकी वर्षं माझ्या तोंडून ऐकून ऐकून सगळ्यांना जागा माहीत झाली होती, म्हणून सगळे गप्प झाले.

तिने श्वास घेतला.

गाणं संपलं. ड्रायव्हरने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. सिस्टर मागे वळून म्हणाल्या, “आहे हो भाऊसाहेब. श्वास आहे. कोण बाई ही?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे सांगणं तर माझंच काम होतं. आदल्या संध्याकाळी भिंग लावून मी ते कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं होतं. सिनेमातल्या गायिकेचं नाव होतं, वादकांची होती, कॅसेट काढणाऱ्याचंही होतं.

“लिहिलेलं नाही,” मी म्हटलं. “नुसतं ‘इतर कलाकार’ म्हटलंय.”