मामाचे गाल

लिंबायतच्या कारखान्यात यंत्रमागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून माझा मामा गालांनी बोलायचा. एक गाल फुगवला की चहा आला, दोन्ही फुगवले की शेठ आला. गालही तसेच होते, गुबगुबीत. मी रुसले की घरातसुद्धा शेठ यायचा.

एचआयव्ही निघाल्यावर त्यानं डोक्याला हात लावला नाही. "हाई गोळी म्हंजे मनी हजेरी शे," म्हणायचा आणि कधी खाडा करायचा नाही. तब्येत सावरली, पुन्हा पाळीवर जायला लागला.

मग तळपायांची आग सुरू झाली. चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळेना. गाल आत गेले. दवाखान्यात सांगितलं, तर डॉक्टरनं मान वर न करता सुनावलं, जीव वाचला ना, गालांचं काय घेऊन बसलास! मेल्या, त्या गालांवरून माझा मामा ओळखला जायचा.

तेवढ्यात माझं लग्न ठरलं. आमच्यात अंतरपाट धरला की नवरीमागे मामा उभा राहतो. आत्या त्याला तोंडावर म्हणाली, असल्या तोंडानं उभा राहिलास तर वरपक्षाला सगळं कळेल, पोरीचं लग्न मोडेल. मी तिच्याशी कडाकडा भांडले. मामानं घरी जाऊन, गोळ्यांनीच गाल खाल्ले असं धरून, गुपचूप सगळ्या गोळ्या बंद केल्या. मला कळलं तेव्हा तो खाटेला खिळला होता.

"गाल भरी येऊ दे, मंग तुना मांगे उभा ऱ्हासू," म्हणाला.

गाल भरले नाहीत. आजार उलटला. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीला शक्ती पुरवणारे बारीक कण असतात. त्याच्या गोळ्यांतलं एक जुनं औषध विषाणूबरोबर त्या कणांनाही मारतं. वीज गेली की चांगला मागही बंद पडतो, तशा गालांतल्या, पायांच्या नसांतल्या पेशी मरतात. "ते एक औषध बदलायचं होतं," त्या म्हणाल्या. "गोळ्या थांबवायच्या नव्हत्या."

एवढंच? मग हे त्याला आधी सांगताना कुणाची जीभ झडत होती?

मामा गेला. लग्न पुढे ढकललं, पण झालं. अंतरपाट धरला आणि आत्यानं कुठल्याशा लांबच्या मामाला माझ्यामागे ढकललं. डोळ्यांना पदर लावून म्हणे, जागा रिकामी बरी दिसत नाही.

मी भर मांडवात मागे वळले.

"दिसू दे," म्हटलं. "तुम्हीच केलीय ती रिकामी."