रीडिंगहून कॅरिबियनला, शिडाच्या बोटीतून

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या फॅल्मथ बंदराच्या धक्क्यावरून आम्ही निघालो त्या सकाळी इरा रेनकोटच्या खिशात हात खुपसून उभी होती. आमची एकुलती एक मुलगी, लेस्टरला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. येताना तिथल्या बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानातून डबाभर थेपले घेऊन आली होती. "आई, लाइफजॅकेट ऑलवेज घालायचा," असं मला बजावून ती बाबाकडे वळली. "बाबा, आईला नीट स्विमिंग येत नाही. रिमेंबर." सुधीरने दोर सोडला, मी तो ओढून गुंडाळला, आणि आमच्यामध्ये पाणी आलं. तिने हात हलवला नाही. बघत राहिली. पंचविशीत मी पुणं सोडलं तेव्हा विमानतळाच्या काचेपलीकडे माझी आई अशीच उभी होती.

तुम्ही जे पुण्यात राहिलात आणि जे माझ्यासारखे इकडे आलात, दोघांनीही मला एकच प्रश्न विचारला: चांगलं घर विकून पाण्यावर कोण राहायला जातं? रीडिंगमधलं ते सेमी-डिटॅच्ड घर खरंच चांगलं होतं. मी तिथे सुधीरच्या व्हिसाला जोडलेली बायको म्हणून आले आणि नंतर एम-फोर महामार्गाच्या कडेच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करत वीस वर्षं काढली. शिडाच्या बोटीचा नाद सुधीरला तळ्यावरच्या क्लबात लागला. पण मला कुणी ओढून नेलं नाही. चाळिशी सरत आली असताना कौन्सिलच्या तलावात पाच वर्षांच्या मुलांबरोबर मी पोहायला शिकले, ते उगाच नाही. सुधीरची नोकरी गेली तेव्हा नवी शोधायची की निघायचं, एवढंच ठरवायचं होतं. "निघू या," मी म्हणाले.

अटलांटिक ओलांडून आम्ही कॅरिबियनला पोहोचलो. रीडिंगच्या घरात जिन्याखाली जेवढं कपाट होतं, तेवढं बोटीवरचं स्वयंपाकघर. बोट हलली की कुकर सरकू नये म्हणून त्याला पट्ट्याने बांधायचं. ग्रेनाडाच्या बाजारात हळदीला सॅफ्रन म्हणतात हे कळेपर्यंत मी केशराचा इतका स्वस्त भाव ऐकून चकित होत होते. नीरफणस मात्र तिथे झाडाखाली पडून असतो. त्याचे काप मी कोकणातल्या आत्याच्या पद्धतीने रव्यात घोळवून तळायची आणि शेजारच्या बोटीवरचे स्कॉटिश नवराबायको ताटली चाटूनपुसून परत द्यायचे. कामं ठरलेली होती. हवामान, नकाशे, शिडं, नांगर सुधीरचं. मी तो सांगेल तो दोर ओढायची.

मग मार्टिनिकहून डॉमिनिकाला जाताना, दोन बेटांच्या मधल्या उघड्या समुद्रात वारा एकदम चढला. पुढचं शीड गुंडाळायचा दोर अडकला. तो सोडवायला सुधीर पुढे गेला, लाट अंगावर आली आणि तो आपटला. लाइफजॅकेटचा पट्टा बोटीला अडकवलेला होता म्हणून वाहून गेला नाही. रांगत मागे आला तेव्हा त्याचं उजवं मनगट भलत्याच बाजूला वळलेलं होतं.

त्याला खाली बाकावर झोपवून उशीवर हात ठेवला. तो खालून सांगत राहिला, "शीड कमी कर... वारा बाजूला घे..." आणि थोड्या वेळाने वेदनेने गप्प झाला. पुढे मला सांगणारं कुणी नव्हतं. ऑटोपायलट लावून मी पट्टा अडकवला, तो दोर सोडवला, शीड गुंडाळलं. काय करायचं ते हातांना माहीत होतं. इतकी वर्षं नुसती दोर ओढत नव्हते मी, बघतही होते. रेडिओवर डॉमिनिकाच्या रोसो बंदराला कळवलं. किनाऱ्याजवळ एक माणूस छोट्या होडीतून आला, त्याने आमचा दोर घेतला आणि विचारलं, "कॅप्टन कुठे आहे?" "मीच," मी म्हणाले. त्या वेळी ते खरंच होतं.

हाताला प्लास्टर बसलं. इरा व्हिडिओवर रडली. "आई, इनफ. बोट विका आणि घरी या."

"कुठल्या घरी?" मी विचारलं.

मला धक्का दिला तो सुधीरने. बाकावर बसून खाली बघत तो म्हणाला, "ती बरोबर बोलतेय. विकून टाकू. माझ्याने आता होणार नाही."

"तुझा हात मोडलाय," मी म्हणाले. "माझा नाही."

वादळांचा मोसम सुरू व्हायच्या आत बोट दक्षिणेला ग्रेनाडाला न्यायची होती. ती मी नेली. एकेक बेट गाठत, वारा नको तसा असेल तर दोन-दोन दिवस थांबत. सुधीर डाव्या हाताने चहा करायचा, सांडायचा, पुसायचा. एकदा "ते शीड जरा ओढ" म्हणाला. मी नुसतं बघितलं, तसा कपबशी घेऊन खाली गेला. ग्रेनाडाला बोट पाण्याबाहेर काढून घेतली आणि आम्ही विमानाने इराकडे आलो.

सध्या लेस्टरला तिच्या फ्लॅटमध्ये आहोत. मी स्किपरच्या, म्हणजे बोटीच्या कप्तानाच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. "आई, माझा टेबलवर सगळा तुझा नकाशे आहेत," ती कुरकुरते, पण आमच्या मांडीवर ताटं देऊन जेवू घालते. फेब्रुवारीत रजा टाकून बोटीवर येणार आहे. बोट विकायचं तिने पुन्हा काढलेलं नाही.

घर कुठलं, असं लोक अजूनही विचारतात. पुणं सोडलं ते व्हिसामुळे, रीडिंग सोडलं ते नोकरी गेली म्हणून. आता मला विचाराल तर, जिथून कधी निघायचं हे मी ठरवते, ते माझं घर. नोव्हेंबरात आम्ही ग्रेनाडाला जातोय. बोटीचा तळ खरवडून रंगवायचा आहे, शिडं शिवून घ्यायची आहेत. पाण्यात उतरल्यावर पहिल्यांदा कुठल्या बेटावर जायचं तेही मी ठरवलंय. सुधीरला अजून सांगितलेलं नाही.