अंगणातली हत्तीची पाटी

बायको गेली त्या आठवड्यात अमेरिकेत मोठ्या कोर्टावर नेमायच्या एका जज्जावरून भांडण पेटलं होतं. माझं आणि त्या जज्जाचं काही देणंघेणं नव्हतं. तरी तिची आठवण काढायला बसलं की तो माणूस मधे येऊन बसतोच. माझी शाळा चौथीपर्यंत. रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकण्यात जन्म गेला. जमेल तसं लिहितो.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट आहे. मुलगा मिशिगनमध्ये, नोव्हायला, मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. त्यानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. दुसऱ्या वर्षी ती आजारी पडली. आजारपणात तिनं एकच गोष्ट मागितली. म्हणाली, "मला मुक्यानं पाठवू नका. आपली माणसं बसू द्या, चार तोंडांनी त्रिशरण होऊ द्या." गावाकडं वस्तीत कोणी गेलं की तीच पुढं बसून वंदना घ्यायची. अक्षर येत नव्हतं, पण सगळं पाठ. आम्ही बाकीचे तिच्या मागून म्हणायचो.

मंगळवारी गेली. गुरुवारी तिथल्या रीतीप्रमाणं बटण दाबून जाळली. मी, मुलगा, सून आणि एक काळ्या कोटातला माणूस. कोणाला सुट्टी मिळाली नाही. दहा मिनिटांत बाहेर. मी मुलाला म्हणालो, "हे काही झालं नाही." तो म्हणाला, "बाबा, रविवारी पुण्यानुमोदन ठेवतो. सगळे येतील. सर वंदना घेतील." सर म्हणजे नागपूरकडचे एक प्राध्यापक. त्या भागातल्या आपल्या वीस-पंचवीस घरांत पाली नीट येणारे तेवढेच. मग मी रविवारची वाट बघत बसलो.

घरात आवाज नको वाटायचा आणि शांतताही नको वाटायची. म्हणून टीव्ही लावून बसायचो. त्यावर दिवसभर तीच सुनावणी. एक लांब टेबल, त्याच्यामागं पुढारी, समोर तो जज्ज एकटा. अर्धे पुढारी त्याला लाडानं विचारायचे, अर्धे अंगावर यायचे. तो काय उत्तर देतो ते कोणीच ऐकत नव्हतं. त्याच्यामागं त्याची बायको ताठ बसलेली. मी तिच्याकडंच बघायचो. नवऱ्याची अशी सालटी निघताना हलायचंही नाही म्हणजे काय असेल.

सुनेला विचारलं, "याचा गुन्हा काय?"

"गुन्हा नाही हो बाबा. गरिबीतून वर आला, आणि आता म्हणतो राखीव जागा बंद करा. एका पक्षाला तो हवाय, दुसऱ्याला पाडायचाय. दोघांनी आधीच ठरवलंय, हे सगळं नाटक."

"मग एवढे दिवस विचारतात कशाला?"

"टीव्हीवर दिसायला." ती पोळ्या लाटायला गेली. कोणाचा पक्ष कोणता हे मी विचारलंच नाही. तिथंच चुकलं.

शेजारी एक गोरा म्हातारा राहायचा. शनिवारी तो मॅकरोनीचं भांडं घेऊन आला. मला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही. त्यानं छातीवर हात ठेवला आणि दोन बोटं दाखवली. सून म्हणाली, त्याची बायको जाऊन दोन वर्षं झाली. तो माझ्याशेजारी पायरीवर बराच वेळ बसला. त्या आठवड्यात माझ्याजवळ तेवढा वेळ दुसरं कोणी बसलं नव्हतं.

त्याला सोडायला गेलो तर त्याच्या अंगणात एक पाटी रोवलेली. वर इंग्रजी अक्षरं, खाली हत्ती. मी थांबलोच. हत्ती गावाकडं आमच्या पक्षाची खूण. आमच्या तरुणपणी मतदानाला जाताना ती मला बजावायची, "नाव वाचत बसू नका, हत्ती बघा आणि शिक्का मारा." वाचता न येणारी सगळी वस्ती त्या हत्तीवर चालायची. मी पाटीकडं बोट दाखवून हसलो. म्हातारा इतका खूश झाला की गॅरेजमधून तसलीच एक आणून माझ्या हातात दिली.

रविवारी मुलगा मेणबत्त्या आणायला गेला, सून स्वयंपाकात. मी ती पाटी आमच्या दारासमोर गवतात रोवली. मला वाटलं, तिची खूण आहे, तिच्या दिवशी दारात असू दे.

अकराला गाड्या आल्या. पांढरे कपडे घातलेली माणसं उतरली. बघून बरं वाटलं मला. सर पुढं आले, जयभीम म्हणायला हात उचलला आणि तसेच थांबले.

"काका, हे कोणी लावलं?"

"मी."

"काय लिहिलंय माहीत आहे? त्या जज्जाला मोठ्या कोर्टात बसवा म्हणून लिहिलंय. आपल्यासारख्यांच्या पोरांची दारं बंद करायला निघालेला माणूस आणि त्याची पाटी या घरासमोर?"

मी काही बोलायच्या आत मुलाच्या कंपनीतला एक तरुण इंजिनिअर मधे पडला. "सर, काकांचं जाऊ द्या. पण तो माणूस स्वतःच्या हिमतीवर वर आलाय यार. त्यात वाईट काय?"

"तू स्कॉलरशिपवर शिकलास ना रे?"

"तुम्हीपण शिकलात. म्हणून जन्मभर तेच सर्टिफिकेट गळ्यात बांधून फिरू का?"

"वा! शिडी चढला, आता लाथ मार तिला!"

"तुमचा पक्ष तरी काय देतो हो? मतं घेतो आणि गाढवासारखं राबवतो!"

कोणी हसलं, कोणी धावून आलं. तिथं हत्ती त्या जज्जाच्या बाजूच्या पक्षाची खूण आणि गाढव दुसऱ्या पक्षाची, हे मला त्यानंतर कळलं. आठवडाभर टीव्हीवर जे बघितलं तेच आता माझ्या दारात चाललं होतं. कोणी कोणाचं ऐकेना. सरांच्या बाई म्हणत होत्या, "अहो, घरात मयत झालंय," तेही कोणी ऐकलं नाही.

मी पाटी उपटली. तारेचे पाय जमिनीत घट्ट बसलेले, हात कापला. ओरडलो, "ही काढली बघा! मला अडाण्याला कळलं नाही. आता आत चला, तिचं त्रिशरण राहिलंय!"

सर म्हणाले, "काका, तुमच्यावर राग नाही. पण याच्या शेजारी बसून मी वंदना घेणार नाही."

तो तरुण म्हणाला, "मग मीच जातो." तो निघाला तशी त्याच्या बाजूची चार घरं निघाली. ते गेल्यावर सर थांबतील असं वाटलं होतं. पण त्यांनी गाडीची किल्ली काढली. म्हणाले, "अशा मनानं पंचशील द्यायचं नसतं," आणि तेही गाडीत बसले. उरलेले एकमेकांकडं बघत बघत पांगले. चाळीस माणसांचं जेवण टेबलावर तसंच राहिलं.

आम्ही तिघं तिच्या फोटोपुढं बसलो. मुलानं सुरुवात केली. त्रिशरण झालं. पंचशीलातलं पहिलं झालं, दुसऱ्याला तो अडकला. माझ्याकडं बघायला लागला. मी आयुष्यभर तिच्या मागून म्हटलेलं, पुढं कधी म्हटलंच नव्हतं. ती सुरू करायची म्हणून मला यायचं. तोंड उघडलं, शब्द आला नाही. सुनेनं मेणबत्ती सरळ केली. आम्ही उठलो.

त्या जज्जाचं पुढं मतदान झालं, थोड्याशा मतांनी निकाल लागला. कोणता ते मी विचारलं नाही.

"पुन्हा ठेवू बाबा," मुलगा म्हणायचा. त्यानं फोनही केले. हे म्हणायचे, ते येणार असतील तर आम्ही नाही. ते म्हणायचे, आधी त्यांनी माफी मागावी. माझं वाईट वाटतं असं मात्र दोन्हीकडचे म्हणायचे. हिवाळा गेला, उन्हाळा आला, तिला वर्ष झालं. तारीख ठरली नाही. पुढं मुलानं फोन करणं सोडलं आणि मीही त्याला विचारणं सोडलं.